कळते, पण वळत नाही : मेंदूची दुखापत आणि रोजच्या कामांचे नियोजन

अपघातात डोक्याला मार लागलेला मनुष्य रुग्णालयातून घरी परततो, तेव्हा घरच्यांना आणि शेजाऱ्यांना प्रथम दिसते ती त्याची बाह्य प्रकृती. जखम भरून आलेली असते. चालणे-बोलणे पूर्ववत झालेले असते. नातेवाइकांची नावे आठवतात, वर्तमानपत्र वाचता येते, हिशेबही जमतो. मनुष्य बरा झाला, असे सारे जण मानतात आणि तो कामावर रुजू होतो. तक्रारींना प्रारंभ होतो तो त्यानंतर. हाती घेतलेले काम अर्धवट राहते, सांगितलेली वेळ पाळली जात नाही, एका कामात गुंतला की दुसऱ्याचे भान उरत नाही. घरातील मंडळी म्हणतात, "हा पूर्वी असा नव्हता." कार्यालयातील मंडळी म्हणतात, "अपघाताचे निमित्त पुढे करून काम टाळतो." प्रकरण कारणे दाखवा नोटिशीपर्यंत आणि पुढे विभागीय चौकशीपर्यंत जाते.

यांपैकी काही तक्रारींचे मूळ स्वभावात नसून मेंदूच्या दुखापतीत असते. ही दुखापत हाताच्या किंवा पायाच्या दुखापतीसारखी डोळ्यांना दिसत नाही आणि नेहमीच्या तपासणीत अनेकदा सापडतही नाही. म्हणूनच तिच्याविषयीची माहिती डॉक्टरांपुरती मर्यादित राहून चालणार नाही. ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात असे अधिकारी, ज्यांच्या वर्गात मुले बसतात असे शिक्षक आणि ज्यांच्याकडे गावकरी आपली गाऱ्हाणी घेऊन येतात असे पंचायत सदस्य यांनाही ती असावयास हवी.

प्रश्न किती मोठा आहे याची कल्पना रस्ते अपघातांच्या आकड्यांवरून येते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक माणसे दुचाकीवरील होती. जखमींच्या या बेरजेत मोडलेला हात आणि हादरलेला मेंदू सारखेच मोजले जातात. अपघाताखेरीज झाडावरून, गच्चीवरून किंवा विहिरीत पडणे, मारामारीत डोक्यावर बसलेला घाव, मेंदूतील रक्तस्राव, पक्षाघात, मेंदूज्वर आणि मेंदूतील अर्बुद या कारणांनीही तोच परिणाम घडू शकतो.

कपाळामागील मेंदू

प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा, लोण्यासारखा मऊ आणि कवटीतील द्रवात तरंगत असलेला अवयव आहे. कपाळाच्या लगेच मागे त्याचा जो भाग येतो त्यास अग्रखंड म्हणतात. मेंदूच्या बाह्यकाचा सुमारे तिसरा हिस्सा या खंडाने व्यापलेला आहे. पाहणे, ऐकणे, स्पर्श जाणणे ही कामे मेंदूच्या मागील भागांची. अग्रखंडाच्या मागील पट्टीकडे स्नायूंच्या हालचाली असतात. तिच्या पुढे, अगदी कपाळाशी जो विस्तृत भाग आहे त्याच्याकडे विशिष्ट असे एकच काम नाही. इतर भागांकडून कामे कोणत्या क्रमाने, केव्हा आणि कोठपर्यंत करून घ्यावयाची हे तो ठरवितो.

वेगाने जाणारे वाहन एकाएकी थांबले की कवटी थांबते. आतील मेंदू मात्र क्षणभर पुढे जातच राहतो. कवटीच्या पुढील भागाचा तळ खडबडीत, हाडांच्या कंगोऱ्यांचा आहे. अग्रखंडाचा खालचा भाग आणि कानशिलामागील खंडाचे टोक या कंगोऱ्यांवर घासतात. मार डोक्याच्या मागील बाजूस बसला तरी इजा पुढे होऊ शकते, ती यामुळेच. शिवाय अशा हिसक्याने मेंदूच्या भागांना परस्परांशी जोडणारे बारीक तंतू ताणले जातात व तुटतात. ही तुटातूट इतकी सूक्ष्म असते की, सी. टी. स्कॅनचे चित्र पूर्णपणे निर्दोष येऊ शकते. "स्कॅनमध्ये काही नाही" याचा अर्थ "मेंदूला काही झालेले नाही" असा घेणे म्हणूनच घाईचे ठरते.

या भागाच्या दुखापतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. १३ सप्टेंबर १८४८ रोजी व्हरमाँट राज्यातील कॅव्हेंडिश येथे रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासत असताना फिनिअस गेज या मुकादमाच्या गालातून शिरलेली, साडेतीन फुटांहून अधिक लांबीची आणि सुमारे सहा किलो वजनाची लोखंडी पहार त्याच्या मस्तकातून आरपार गेली. गेज वाचला. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. जॉन हार्लो यांनी १८६८ मध्ये जो वृत्तांत प्रसिद्ध केला त्यात एक लक्षणीय नोंद आहे. पूर्वी कामात दक्ष आणि धोरणी असलेला हा मुकादम आता बेत आखी आणि तो पुरा होण्यापूर्वीच सोडून देई. गेजच्या स्वभावपालटाच्या कथा पुढे फार रंगविल्या गेल्या. त्या मानाने एका गोष्टीकडे दुर्लक्षच झाले. तो पुढे चिली देशात काही वर्षे घोडागाडी हाकण्याचे काम करीत होता, म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मार्गाने जाणारे काम त्याला जमत होते. या तपशिलाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

एका रात्रीच्या जेवणाची हकिकत

अग्रखंडाच्या हानीने रोजच्या जीवनात नेमके काय बिघडते याचे आजवरचे सर्वांत बोलके वर्णन कॅनडातील शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफील्ड यांनी केले आहे. त्यातील रुग्ण म्हणजे त्यांची सख्खी बहीण होती. तिच्या मेंदूच्या उजव्या अग्रखंडात अर्बुद वाढले होते. १९२८ मध्ये पेनफील्ड यांनी स्वतःच तिच्यावर शस्त्रक्रिया केली आणि त्या बाजूचा जवळजवळ संपूर्ण अग्रखंड काढून टाकला. शस्त्रक्रियेनंतर तिचे बोलणे, स्मरणशक्ती, मुलांवरील माया, विनोद यांत सहजासहजी जाणवण्याजोगा फरक दिसत नव्हता.

सुमारे पंधरा महिन्यांनी तिने भावाला जेवावयास बोलाविले. एक पाहुणा आणि घरातील चार माणसे यांच्यापुरता साधाच स्वयंपाक करावयाचा होता. तिला त्याचा उत्साह होता आणि तयारीसाठी सारा दिवस हाताशी होता. जेवणाची वेळ झाली तेव्हा ती स्वयंपाकघरातच होती. सर्व जिन्नस समोर होते. एक-दोन पदार्थ चुलीवर चढलेले होते. परंतु कोशिंबीर झालेली नव्हती, मांस शिजविण्यास प्रारंभही झालेला नव्हता आणि दिवसभर एकटीने धडपडून ती गोंधळून व कष्टी होऊन गेली होती. कोणीतरी मदतीला आले आणि स्वयंपाक भराभर उरकला. जेवताना ती नेहमीसारखी हसत-बोलत होती.

यातील प्रत्येक पदार्थ तिला करता येत होता. अनेक वर्षे तिने सहा मुलांचा संसार केलेला होता. गेली होती ती एवढीच गोष्ट : कोणत्या पदार्थाला आधी हात घालावयाचा, तो शिजत असताना दुसरे काय उरकावयाचे आणि सगळे एका वेळी पानावर कसे आणावयाचे याची जुळणी. पुढे अर्बुद पुन्हा वाढले आणि तिचा मृत्यू झाला. पेनफील्ड आणि त्यांचे सहकारी इव्हान्स यांनी १९३५ मध्ये हा वृत्तांत शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. भावाने बहिणीविषयी लिहिलेल्या त्या पानांत कोठेही भावविवशता नाही. पुढील पिढ्यांतील संशोधक याच प्रसंगाकडे पुन्हा पुन्हा वळले.

दुसऱ्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांवर काम करताना रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लूरिया यांनाही असाच विसंवाद आढळला. अग्रखंडाची मोठी हानी झालेल्या रुग्णास एखादी सूचना दिली तर तो ती शब्दशः म्हणून दाखवी, मात्र हात त्याप्रमाणे चालत नसे. "कळते, पण वळत नाही" ही म्हण मराठीत दोषारोप म्हणून वापरली जाते. येथे ती जवळजवळ रोगलक्षण म्हणून वापरता येईल.

बुद्धिमापनात उत्तम, बाजारात नापास

यानंतर दीर्घकाळ एक कोडे शिल्लक होते. अशा रुग्णांना मानसशास्त्रज्ञाच्या खोलीत बसवून बुद्धिमापन चाचण्या दिल्या तर पुष्कळ जण त्या उत्तम प्रकारे सोडवीत. १९८५ मध्ये एस्लिंगर व दामासिओ यांनी वर्णन केलेल्या एका हिशेबनिसाचा बुद्ध्यंक शस्त्रक्रियेनंतरही सरासरीच्या बराच वर होता. तरीही त्याची नोकरी गेली, धंद्यात दिवाळे निघाले आणि संसार मोडला. जेवावयास कोणत्या उपाहारगृहात जावे एवढे ठरविण्यातही त्याचे तासन् तास जात. मग चाचण्यांत दोष दिसत का नव्हता?

लंडनमधील टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस या संशोधकांनी १९९१ मध्ये या कोड्याचे उत्तर पुढे ठेवले. चाचणीच्या खोलीत प्रश्न एकामागून एक येतात. केव्हा सुरू करावयाचे आणि केव्हा थांबावयाचे हे परीक्षक सांगतो. पुढे काय करावयाचे हे रुग्णाला ठरवावेच लागत नाही. थोडक्यात, रुग्णाच्या अग्रखंडाचे काम परीक्षकच करीत असतो! म्हणून त्यांनी डोक्याला मार लागलेल्या तीन रुग्णांना खोलीबाहेर, दुकानांच्या रस्त्यावर नेले. हातात एक कागद दिला. त्यावर आठ कामे होती. सहा अगदी किरकोळ, पाव आणि घशाच्या गोळ्या आणण्यासारखी. सातवे काम, निघाल्यापासून पंधरा मिनिटांनी एका ठरलेल्या जागी हजर राहणे. आठवे, चार बाबींची माहिती मिळवून ती पोस्टकार्डावर लिहून धाडणे. एक पौंड टोमॅटोचा भाव काय आणि आदल्या दिवशी ब्रिटनमधील सर्वांत थंड ठिकाण कोणते, हे त्यांपैकी दोन प्रश्न. जोडीला काही नियम होते : खर्च कमीत कमी करावा, वस्तू घ्यावयाची असल्याखेरीज दुकानात पाऊल टाकू नये, वगैरे.

कामे शाळकरी मुलालाही जमण्याजोगी होती. निरोगी माणसांनी ती फारशा अडचणीविना पार पाडली. या तिघांचे मात्र फेरे वाढले, नियम मोडले गेले, काही कामे राहून गेली आणि काहींचा अर्थच भलता लावला गेला. दुसऱ्या एका चाचणीत पंधरा मिनिटांत सहा प्रकारची छोटी कामे थोडी थोडी करावयाची होती. कोणतेच काम पुरे करण्याची अट नव्हती, फक्त प्रत्येकाला हात लागावयास हवा होता. रुग्ण एक-दोन कामांत रमले आणि उरलेली तशीच राहिली. सूचना काय होत्या असे विचारल्यावर त्या सांगता येत होत्या, ही त्यातील चमत्कारिक बाब.

तीन वेगवेगळ्या कड्या

एका वेळी अनेक कामे सांभाळणे असे आपण म्हणतो. पण वस्तुतः हात आणि लक्ष एका वेळी एकाच कामावर असते. कौशल्य असते ते काम मध्येच सोडून दुसऱ्याकडे वळण्याचे आणि पहिल्याकडे वेळेवर परतण्याचे. परत वळा, असे कोणी सांगत नाही. मध्येच व्यत्यय येतात. चूक झाली तर ती लगेच कळत नाही. दूध उतू गेल्यावरच कळते.

बर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये मेंदूच्या निरनिराळ्या भागांत हानी झालेले ६० रुग्ण आणि ६० निरोगी माणसे यांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. या कौशल्याच्या तीन कड्या त्यांना वेगळ्या करता आल्या. पहिली, काय करावयाचे आणि नियम कोणते हे ध्यानात ठेवणे. दुसरी, बेत आखणे. तिसरी, आखलेला बेत योग्य क्षणी आठवून त्याप्रमाणे वागणे. तिसरी कडी डाव्या अग्रखंडाच्या पुढील भागाच्या हानीशी निगडित आढळली, दुसरी उजव्या अग्रखंडाच्या बाह्य भागाशी, तर पहिली अधिक आतील भागांशी. एखाद्याची स्मरणशक्ती शाबूत असते, तो बेतही उत्तम आखतो आणि तरीही नेमक्या क्षणी तो बेत त्याच्या मनात उगवतच नाही. "सकाळी तर स्वतःच म्हणाला होता!" ही घरच्यांची नेहमीची तक्रार या तिसऱ्या कडीची आहे.

स्वयंपाकघर, कार्यालय आणि वर्ग

हे सारे आपल्या रोजच्या व्यवहारात कसे दिसते ते पाहावे. सकाळच्या घाईत घरातील स्त्री एका शेगडीवर कुकर लावते, दुसरीवर दूध तापत ठेवते, भाजी चिरता चिरता मुलाला हाक मारते, कुकरच्या शिट्ट्या मोजते, फोडणी देते आणि मधल्या वेळात भाकरीचे पीठ मळून घेते. मराठीत अशा गृहिणीला अष्टावधानी म्हणतात. पण हे अवधान सहज घडत असल्याने त्यात काही विशेष आहे असे कोणास वाटत नाही. तेच नाहीसे झाले की मात्र घर कोलमडते. अशा स्त्रीला डोक्याच्या दुखापतीनंतर एकेक पदार्थ करता येतो, सारा स्वयंपाक करता येत नाही. पुरुषाच्या बाबतीत निदान नोकरीवरचा वरिष्ठ तक्रार करतो व विषय डॉक्टरांपर्यंत जाण्याची शक्यता निर्माण होते. घरकामाची नोंद ठेवणारे कोणी नसल्याने स्त्रीच्या वाट्याला बहुधा दूषणेच येतात.

कार्यालयातील लिपिकाचे काम याहून निराळे नाही. आवक टपाल नोंदवावयाचे, मुदतीची पत्रे बाजूला काढावयाची, अभ्यागताला उत्तर द्यावयाचे, मध्येच दूरध्वनी घ्यावयाचा आणि दुपारपूर्वी मासिक विवरणपत्र पाठवावयाचे. दुखापत झालेला लिपिक दिवसभर मान खाली घालून काम करताना दिसतो. संध्याकाळी पाहावे तर एकच नोंदवही सुवाच्य अक्षरात पुरी झालेली असते आणि मुदतीचे विवरणपत्र राहून गेलेले असते. शेतकऱ्याच्या बाबतीत पाणी सोडण्याची पाळी, मजुरांची हजेरी, फवारणी आणि बाजारचा दिवस यांची सांगड तुटते. लवकर येणारा थकवा आणि चिडचिड यांची त्यात भर पडते. सर्वांत अवघड भाग असा की, काही रुग्णांना आपल्यात काही उणे आहे याची जाणीवच नसते. जाणीव करून देणारे मेंदूचे अंगही त्याच दुखापतीत सापडलेले असते. अशा माणसाशी वाद घालून उपयोग नसतो.

मुलांची गोष्ट आणखी वेगळी. अग्रखंडाची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. सहा-सात वर्षांचे मूल पडले, काही दिवस रुग्णालयात राहिले आणि पुन्हा शाळेत जाऊ लागले, तर खालच्या इयत्तांत काहीच खटकत नाही. तेथे दप्तर आई भरते आणि अभ्यास बाई सांगतात. उणीव उघडी पडते ती माध्यमिक शाळेत, जेथे सात विषयांच्या वह्या, गृहपाठाच्या तारखा आणि परीक्षेची तयारी मुलाने स्वतः सांभाळावी अशी अपेक्षा असते. तोपर्यंत जुन्या अपघाताचा सर्वांना विसर पडलेला असतो. हुशार, पण बेशिस्त असा शेरा प्रगतिपुस्तकात येतो. असा मुलगा समोर आला तर लहानपणी डोक्याला मोठा मार लागला होता काय, हा प्रश्न शिक्षकाने पालकांना एकदा विचारून पाहावा.

आळस की दुखापत?

अधिकाऱ्याला प्रत्यक्षात पडणारा प्रश्न हा आहे, आणि तो रास्तही आहे. डोक्याला मार लागलेली प्रत्येक व्यक्ती अशा अवस्थेत जात नाही. सौम्य मार लागलेल्यांपैकी बहुतेक जण काही आठवड्यांत ते काही महिन्यांत पूर्ववत होतात. उलट, कामातील ढिलाईचे कारण निद्रानाश, नैराश्य, मद्य किंवा झटक्यांवरील एखादे औषध हेही असू शकते. निदान करणे हे डॉक्टरांचेच काम होय.

तथापि काही खुणा सामान्य माणसाच्याही ध्यानात येतात. अपघातापूर्वीचे काम आणि नंतरचे काम यांत स्पष्ट भेद असतो. कामचुकार मनुष्य कष्टाचे काम टाळतो आणि आवडीचे करतो. दुखापत झालेल्याचे आवडीचे कामही तसेच अर्धवट राहते. कोणी शेजारी उभे राहून "आता हे, मग ते" असे सांगत गेले की त्याचे काम नीट होते आणि एकटे सोडले की विस्कटते. पेनफील्ड यांच्या बहिणीच्या स्वयंपाकघरात घडले ते हेच. मदतनीस हाताचे काम करीत नाही, फक्त क्रम पुरवितो आणि तेवढ्याने सारे सुरळीत होते. असे वारंवार दिसून आले तर शिस्तभंगाची कारवाई योजण्यापूर्वी वैद्यकीय अभिप्राय मागविणे शहाणपणाचे ठरेल. तो मागविताना रुग्णाला रोज कोणती कामे पडतात आणि ती कोठे अडतात हे लिहून कळवावे. नाहीतर खोलीतील चाचणी उत्तीर्ण होऊन तो "तंदुरुस्त" असा शेरा घेऊन परत येतो.

गेलेली शक्ती बाहेरून पुरविणे

मेंदूच्या तुटलेल्या तंतूंवर गुण देईल असे औषध नाही. पहिल्या वर्षात बरीच सुधारणा आपोआप होते, पुढे तिचा वेग मंदावतो. त्यानंतरचा उपाय मुख्यतः असा की, मनातून जो क्रम येत नाही तो बाहेरून पुरवावयाचा. इंग्लंडमधील बार्बरा विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये १४३ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. ठरलेल्या वेळी कमरेच्या पेजरवर "औषध घ्या", "डबा भरा" असे संदेश पाठविण्यात येत. प्रयोग पूर्ण करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोकांची कामे लक्षणीय प्रमाणात सुधारली. पेजर आता इतिहासजमा झाला. तेच काम साध्या भ्रमणध्वनीवरील गजर करू शकतो. खेड्यातील घरीही ही सोय आज उपलब्ध आहे.

त्याहून मनोरंजक प्रयोग टॉम मॅनली आणि सहकाऱ्यांचा, २००२ मधील. रुग्णांना हॉटेलच्या व्यवस्थापकाची निरनिराळी कामे पंधरा मिनिटांत थोडी थोडी करावयास दिली होती. एका खेपेस मधून मधून नुसता आवाज केला जाई. त्या आवाजात कोणताही निरोप नव्हता. आवाज झाला की आपण काय करीत आहोत याचा विचार करावा, एवढेच आधी सांगितलेले होते. तेवढ्याने रुग्णांची कामगिरी निरोगी माणसांच्या जवळपास आली. तासातासाला "थांबा, आता काय करत होतो, काय राहिले?" असे स्वतःला विचारण्याची सवय हा अशा प्रशिक्षणाचा गाभा आहे. शाळेतील तासांची घंटा या कामी फुकट मिळणारे साधन ठरावे.

बाकीची साधने घरगुती आहेत. दिवसाची कामे क्रमाने लिहिलेली पाटी स्वयंपाकघरात किंवा मेजासमोर टांगावी आणि झालेल्या कामावर काट मारावी. वस्तूंच्या जागा बदलू नयेत. दोन सूचना एकदम देऊ नयेत. अवघड काम सकाळी, थकवा येण्यापूर्वी काढावे. दिनक्रम जितका एकसारखा तितके चांगले. चिलीमधील घोडागाडीच्या ठरलेल्या फेऱ्यांनी फिनिअस गेजला सावरले असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे ते याच आधारावर.

दैनंदिन कामांचे असे पुनर्शिक्षण देणारी विद्या म्हणजे व्यवसायोपचार होय, आणि तिच्याशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी, म्हणजेच विवाहानंतरच्या कमलाबाई निंबकर, यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी आशियातील पहिली शाळा सुरू केली. तरीही आजमितीस बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेचे टाके काढले की घरी जातात आणि व्यवसायोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचत नाहीत. रुग्णालयातून सोडताना या शाखेकडे चिठ्ठी मागून घेणे नातेवाइकांच्या हाती आहे.

सेवेतील कर्मचारी आणि कायदा

सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून कर्मचाऱ्यास काढून टाकता येत नाही वा पदावनत करता येत नाही, अशी तरतूद १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या अधिनियमात होती. त्याची जागा घेणाऱ्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ती कलम २० मध्ये कायम आहे. कर्मचारी मूळ पदाचे काम करू शकत नसेल तर त्याच वेतनश्रेणीतील व त्याच सेवालाभांच्या दुसऱ्या पदावर त्याला न्यावे. तसे पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा सेवानिवृत्तीपर्यंत, जे आधी घडेल तोवर, अधिसंख्य पदावर ठेवता येते. ही तरतूद शासकीय विभागांप्रमाणेच स्थानिक प्राधिकरणांनाही लागू असल्याने जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायती तिच्या बाहेर नाहीत.

अडचण येते ती दाखल्याची. अधिनियमाच्या अनुसूचीत अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत डोक्याच्या दुखापतीचे स्वतंत्र नाव नाही. तिच्या परिणामांचे मूल्यमापन ते परिणाम ज्या प्रकारात मोडतील त्याखाली करावे लागते. ज्याचे हातपाय धड आहेत आणि जो प्रश्नांची उत्तरे चटकन देतो अशा माणसाची अडचण वैद्यकीय मंडळापुढील थोड्या वेळात दिसणे कठीण असते. म्हणून कुटुंबीयांनी रुग्णालयाचे मुक्ततापत्र, किती काळ शुद्ध नव्हती याची नोंद, स्कॅनचे अहवाल आणि मानसशास्त्रज्ञाच्या चाचण्यांचे निष्कर्ष जपून ठेवावेत. सोबत एका महिन्याची साधी रोजनिशी जोडावी : कोणते काम ठरले होते, किती झाले, कोठे अडले आणि कोणी आठवण करून दिल्यावर ते पुरे झाले काय. कार्यालयप्रमुखाने अपघातापूर्वीच्या दोन-तीन वर्षांचे गोपनीय अहवाल आणि सध्याच्या कामाचा तपशील त्याबरोबर पाठविला, तर मंडळापुढे दोन्ही काळांतील माणूस एकाच वेळी उभा राहू शकतो.